मदत हवी आहे: मुलाचे तळवे सपाट आहेत, इनसोल घ्यावेत का?

नमस्कार. मुलगा सव्वापाच वर्षांचा आहे, जूनपासून शाळेचे काळे बूट रोज घालावे लागतील. मध्यंतरी एका मोफत तपासणी शिबिरात त्याचे तळवे सपाट निघाले. तिथे म्हणाले, खास इनसोल बनवून घ्या, नाहीतर पुढे गुडघे आणि पाठ धरेल. (शिबिर मोफत, इनसोल साडेतीन हजारांचे.)

आंघोळ करून आला की फरशीवर अख्खं पाऊल उमटतं, हे खरं. पण चवड्यांवर उभं केलं की कमान छान दिसते. लंगडत नाही, दिवसभर धावतो. कधीतरी रात्री दोन्ही पोटऱ्या दुखतात म्हणतो, चेपून दिल्या की झोपतो आणि सकाळी पुन्हा उड्या.

सासूबाई म्हणतात, अनवाणी खेळू दे, होईल नीट. सासरे आत्तापासून पोलीस भरतीच्या काळजीत, तिथे सपाट पाय चालत नाहीत म्हणे! कुणाला अनुभव आहे का? आणि बूट वाढत्या अंगाचे घ्यायची आमच्याकडे पद्धत आहे, ते चालेल का?

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, लहान मुलंच जास्त बघते. चवड्यांवर कमान दिसते ना, मग हा लवचीक सपाट पाय. या वयात तळव्याखाली चरबी असते, सांध्यांचे बंध सैल असतात. बहुतेकांची कमान सहा ते आठ वर्षांपर्यंत भरत जाते. दुखत नसेल तर उपचार लागत नाहीत. इनसोल घातलाय तोवर आधार देतो, कमान घडवत नाही. अमेरिकेत मुलांना तीन वर्षं खास बूट आणि इनसोल घालून पाहिले, १९८९ मध्ये ते छापून आलं. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्याही कमानी तेवढ्याच सुधारल्या होत्या.

सासूबाईंचं ऐकाच. कर्नाटकातल्या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते (१९९२). बूट-चपला घालणाऱ्यांत ८.६ टक्के सपाट पाय, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८. बंद बुटांत प्रमाण सगळ्यांत जास्त. यावरून बूट टाकून द्या असं नाही, रस्त्यावर खिळे-काचा आहेतच. पण घरात, वाळूत, गवतावर अनवाणीच बरं.

पोटऱ्यांचं दुखणं वाढत्या वयातलं वाटतं. मात्र दर वेळी एकच पाय दुखला, सूज किंवा ताप आला, लंगडू लागला, किंवा पाऊल कडक असून चवड्यांवरही कमान दिसेना, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. भरतीचं आजोबांना सांगा, अजून तेरा वर्षं आहेत.

प्रतिसाद २

वाढत्या अंगाचा सदरा चालतो, बूट नाही. सैल बुटात पाऊल पुढे सरकतं, मुलं बोटं आवळून चालतात. संध्याकाळी दुकानात न्या, तेव्हा पाय जरा फुगलेले असतात. दोन्ही पायांत घालून उभं करा. मोठ्या पावलाच्या सर्वांत लांब बोटापुढे तुमच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच घट्ट, बोटांकडे रुंद, आणि लेस किंवा वेल्क्रो असलेलाच घ्या. नंबरावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. पुढे दर तीन-चार महिन्यांनी चाचपून बघा, लहान झाले तरी मुलं सांगत नाहीत.

जूनमध्ये दप्तरात मोज्यांचा जास्तीचा जोड ठेवा. ओल्या मोज्यांत दिवस काढला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्याच म्हणून समजा.