‘ग्रे मेटल’ म्हणजे राखाडी धातू?

दौतटाक: इंग्लंडमधल्या जुन्या कोळसा खाणींवरचा एक मजकूर मराठीत आणतोय. डरहॅम परगण्यातल्या खाणींच्या विहिरींच्या (इंग्रजीत ‘शाफ्ट’) थरनोंदींत, म्हणजे खाली जाताना काय काय लागलं त्याच्या याद्यांत, ‘ग्रे मेटल’, ‘पोस्ट’, ‘व्हिन’, ‘थिल’ असे शब्द पुन्हा पुन्हा येतात. ‘ग्रे मेटल’ला ‘राखाडी धातू’ लिहून मी मोकळा झालो होतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात आलं, जागोजागी धातू लागत असता तर कोळशासाठी एवढं खाली कोण गेलं असतं?

कातळकडा: बरं झालं विचारलंत. तिथल्या खाणकामगारांच्या बोलीत मेटल म्हणजे शेल. चिखल दाबला जाऊन झालेला, पापुद्रे सुटणारा मऊ दगड. पोस्ट म्हणजे वालुकाश्म, कृपा करून ‘खांब’ लिहू नका. थिल म्हणजे कोळशाखालची जमीन. बहुतेकदा ती त्या काळच्या जंगलाची माती असते, तिच्यात मुळांच्या खुणाही सापडतात. व्हिन म्हणजे खरं तर डोलेराइट हा काळा कठीण दगड, पण विहीर पाडणारा माणूस हत्याराला दाद न देणाऱ्या कुठल्याही दगडाला व्हिनच म्हणायचा.

साइटवाला: मेटलचं एवढं नवल कशाला? मी रोज फोनवर सांगतो, ‘दोन ब्रास मेटल पाठव.’ ट्रकमधून खडी येते. ‘दोन पितळ धातू’ असं भाषांतर अजून तरी कोणी केलेलं नाही.

कातळकडा: 😄 हे भारी. ग्रीक ‘मेटॅलॉन’चा अर्थ खाण असाही होतो, त्यामुळे खाणीतून निघालेला दगड मेटल झाला यात वावगं काही नाही. फक्त तुमचं मेटल रस्त्याखाली टिकतं. डरहॅमचं चार पावसाळे उघड्यावर राहिलं तर त्याचा भुगा व्हायचा.

आडवाट: आमचे आजोबा विहिरी पाडायचे. त्यांच्या तोंडी काळी, मुरूम, मांजऱ्या, गेरू, काळा पाषाण हे शब्द. मुरूम पहारीने निघायचा, काळा पाषाण लागला की सुरुंगाचा खर्च आलाच. भाषांतरात हेच शब्द का नकोत? चिखलाच्या दगडाला ‘पंकाश्म’ म्हटलेलं वाचून कोणाच्या हाताला दगड लागतो?

कातळकडा: मोह मलाही होतो. पण हे शब्द आपल्या बेसॉल्टवर घडलेत. मांजऱ्या म्हणजे लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी भोकं पडलेला दगड. तो शेलला चिकटवला तर वाचक डरहॅमऐवजी शिरूरला पोचेल. अपवाद एकच, व्हिन. डोलेराइट हा बेसॉल्टचा सख्खा भाऊ, तिथे ‘काळा पाषाण’ खुशाल लिहा.

दौतटाक: पटलं. आता खरी अडचण सांगतो. त्याच परगण्यातल्या मंकवेअरमाउथ खाणीची विहीर मे १८२६ मध्ये सुरू झाली. वर चुनखडक, त्याच्या बुडाशी वाळू, दोन्ही मिळून ३३० फूट. तळाकडे मिनिटाला ३,००० गॅलन पाणी, ते उपसायला वाफेचं इंजिन. पाच वर्षांनी, ऑगस्ट १८३१ मध्ये, सुमारे ३४४ फुटांवर कोळसा दिसला. जाडी दीड इंच! इंग्रजीत त्यालाही ‘सीम’ आणि १८३४ मध्ये १,५७८ फुटांवर लागलेल्या जाड कोळशालाही ‘सीम’. मराठीत दोन्हीला ‘थर’ म्हणू?

आडवाट: दीड इंचाला थर? तो पापुद्रा.

कातळकडा: पापुद्रा सुटून येतो, भाकरीचा येतो, शेलचा येतो. हा दोन दगडांच्या मधे दाबून बसलेला. मी ‘पदर’ म्हणेन. आणि त्याला कमी लेखू नका. कोळशाच्या खडकांत आपण शिरलो याची पहिली पक्की खूण तीच. पाच वर्षं पाण्याशी झुंजणाऱ्यांनी त्या बोटभर काळ्या रेघेकडे कसं पाहिलं असेल!

साइटवाला: ‘शाफ्ट’ला काय करताय? हिंदी परिभाषेत ‘कूपक’ आहे, झारखंडच्या झरिया कोळसापट्ट्यात ‘चानक’ म्हणतात.

दौतटाक: ‘विहीर’च ठेवतोय. ‘खाणीची विहीर’ एकदा लिहिलं की पुढे नुसतं ‘विहीर’ चालतं. मेटलला ‘राखाडी शेल’, पोस्टला ‘वालुकाश्म’, व्हिनला ‘काळा पाषाण’, पहिल्या कोळशाला ‘पदर’ आणि शेवटच्याला ‘थर’. थिलला ‘बैठकीची माती’ सुचतंय. कोळसा तिच्यावर बसलेला असतो म्हणून.

कातळकडा: बैठक झकास.

दौतटाक: एक राहिलं. तो पदर ओलांडल्यावर पाणी अडवायला विहिरीला आतून ओतीव लोखंडाचं गोल अस्तर बसवलं. त्याला ‘टबिंग’ म्हणतात. ‘लोहवेष्टन’ लिहिलंय, पण वाचताना दात दुखतात.

साइटवाला: अहो, कडी! सिमेंटची असोत नाहीतर लोखंडाची, विहिरीत उतरवतात ती कडीच.