प्रतिसाद: अंजिराच्या झाडाचा काय दोष?

'हंगाम नसताना फळ मागायचं आणि वर झाडालाच शाप द्यायचा, हा निव्वळ राग नाही का?' बायबलमध्ये येशू फळ न मिळाल्यामुळे अंजिराच्या झाडाला शाप देतो, त्यावरचा हा प्रश्न रास्त आहे. 'तो अंजिरांचा हंगाम नव्हता' हे ती गोष्ट लिहिणारा मार्क स्वतःच सांगतो, लपवत नाही. (तीच गोष्ट सांगणाऱ्या मत्तयने मात्र ते वाक्य गाळलंय!)

पण मार्कच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय सलग वाचा. आधी शाप, मग येशूचं यरुशलेमच्या मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथणं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुळापासून वाळलेलं झाड. एका गोष्टीच्या पोटात दुसरी घालायची मार्कची खोडच आहे. पाचव्या अध्यायात याईराच्या आजारी मुलीच्या गोष्टीत मधेच रक्तस्रावाच्या बाईची गोष्ट येते, तसंच. म्हणजे झाड हे मंदिराबद्दलचं बोलणं. पानांचा डौल भरपूर, फळ शून्य. यिर्मया या जुन्या संदेष्ट्याच्या पुस्तकातही (८:१३) 'अंजिराला अंजीर नाही' हेच रडगाणं आहे, ऐकणाऱ्यांना ते ठाऊक असणार.

काहीजण म्हणतात, वल्हांडणाच्या (ज्यूंचा वसंतातला सण, ही गोष्ट तेव्हाचीच) सुमारास पानांबरोबर कच्ची बारकी फळं धरतात, येशू तीच शोधत होता. झाडांच्या बाबतीत ते खरं आहे, पण मला ती सारवासारव वाटते. हंगामाचं वाक्य खटकावं म्हणूनच मार्कने ठेवलं असावं.

झाडाबद्दल वाईट वाटतंच, ते वेगळं.