स्टेन्ड ग्लासच्या स्मारक-खिडकीला मराठीत काय म्हणाल?

अनुवादिनी: इंग्लंडमधल्या केंटच्या ट्यूडली गावच्या ऑल सेंट्स या पॅरिश चर्चवरचा (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या देखरेखीखालची वस्ती) लेख मराठीत करतेय. सारा नावाची एकवीस वर्षांची मुलगी १९६३ साली शिडाच्या होडीच्या अपघातात बुडाली. आईवडिलांनी तिच्या स्मरणार्थ चित्रकार मार्क शागालकडून पूर्वेची मोठी खिडकी करवून घेतली, १९६७ मध्ये ती बसली. मी 'स्मृतिगवाक्ष' लिहिलं. संपादक म्हणतात, 'रंगीत काचांची खिडकी' लिहा. अहो, रंगीत काचा आमच्या वाड्याच्या माडीलाही होत्या!

खडूस_पंतोजी: गवाक्ष म्हणजे गाईबैलाचा डोळा. वारा-उजेडाचा गोल झरोका. ही खिडकी उघडते तरी का? 'काचचित्र' म्हणा आणि मोकळ्या व्हा.

भट्टीवाला: काचचित्र म्हटलं की काचेवर ब्रशने काढलेलं चित्र डोळ्यांसमोर येतं. इथे रंग मुळात काचेतच असतो. वितळलेल्या काचेत कोबाल्ट पडलं की निळी. मग तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. चेहरे, कपड्यांच्या चुण्या तेवढ्या वरून रंगवून भट्टीत भाजतात. 'स्टेन' म्हणाल तर तो चांदीच्या क्षाराचा पिवळा, युरोपात चौदाव्या शतकापासूनचा. शागालची काच फ्रान्समध्ये रँसला काचकारागीर शार्ल मार्कने केली. फिक्या काचेवर रंगीत काचेचा पातळ थर, तो आम्लाने कुठे कमी, कुठे जास्त खाववायचा. एकाच तुकड्यात निळ्याच्या इतक्या छटा येतात त्या अशा.

टेम्सकाठची: पाहिलीय मी! खाली लाटांत सारा, वर क्रूसावरच्या येशूकडे जाणारी शिडी, मध्येच लाल घोडा. बाकीच्या खिडक्याही शागालनेच केल्या, १९८५ पर्यंत बाराही.

अत्तरदाणी: 'तावदान' हाताशी असताना गवाक्ष कशाला? फारसी ताबदान, ताब म्हणजे प्रकाश. स्मृतितावदान!

खडूस_पंतोजी: स्मृतितावदान? पुरणपोळीला केचप.

अत्तरदाणी: पंतोजी, तुमच्या सहीतला 'दस्तुरखुद्द' कुठला हो? काशीचा?

वसईकर: ते राहू द्या. ताई, 'पॅरिश'चं काय केलंत? आमच्याकडे सरळ धर्मग्राम म्हणतात.

अनुवादिनी: तो तुमचा कॅथलिक शब्द ना? ट्यूडलीचं चर्च अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं आहे.

वसईकर: म्हणजे अँग्लिकनांना ग्राम नसतो?

नगरी_मिसळ: आमची आजी प्रॉटेस्टंट. रविवारी 'देवळात जाऊन येते' म्हणायची. चर्च हा शब्द आम्ही शाळेत शिकलो.

खडूस_पंतोजी: देऊळ म्हटल्यावर वाचक कळस शोधेल.

नगरी_मिसळ: शोधू द्या की. देवकुल म्हणजे देवाचं घर. कळसाची अट कुठे आहे?

मांडवीतीर: गोव्यात इगर्ज, पोर्तुगीज इग्रेजावरून. खिडकीला जनेल. जुन्या घरांच्या जनेलांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या असायच्या. दुधी उजेड पडतो, ऊन टोचत नाही. त्या चपट्या शिंपल्याला मालवणीत काय म्हणतात?

वसईकर: तिसऱ्या नव्हेत ना?

मांडवीतीर: छे हो, तिसऱ्या खायच्या!

भट्टीवाला: शिंपल्यांसाठी वेगळा धागा काढा.