पोटाबाहेर आतडी असलेले पहिले बाळ: पुढच्या खेपेस गर्भजल तपासावे का?

खानापूरकर:
आमच्या नात्यातील सुनेच्या पहिल्या बाळाची आतडी पोटाबाहेर होती. ग्रहणात भाजी चिरल्याचा बोल तिला सासरी लागलाच. आता दुसऱ्या खेपेस सुईने गर्भजल काढून तपासण्याचा हट्ट घरच्यांनी धरला आहे, तो मला अनाठायी वाटतो. गॅस्ट्रोस्कायसिस या दोषात बेंबीच्या बहुधा उजवीकडे छिद्र असते, आतड्यांवर आवरण नसते आणि गुणसूत्रांचा दोष क्वचितच आढळतो. विशीच्या आतील मातांच्या बाळांत तो अधिक दिसतो. भावंडात पुन्हा उद्भवण्याची शक्यता शेकडा २ ते ४ इतकीच असल्याने १८ ते २० आठवड्यांची तपशीलवार सोनोग्राफी पुरेशी आहे.

निपाणीकर:
आपले मत घाईचे वाटते. ‘आतडी बाहेर होती’ एवढ्यावर निदान ठरत नाही. ऑम्फॅलोसीलमध्ये आतडी, कधी यकृतही, पातळ पिशवीत असते आणि नाळ त्या पिशवीलाच जोडलेली असते. त्यासोबत हृदयदोष व १३ किंवा १८ क्रमांकाच्या गुणसूत्राची तिसरी प्रत असण्याची शक्यता बरीच असते. ऑम्फॅलोसील ज्यात आढळू शकतो त्या बेकविथ-वीडेमान या अतिवाढीच्या जनुकीय विकारात आईकडून जनुकीय बदल आला असल्यास तो पुन्हा उद्भवण्याचा धोका ५० टक्क्यांपर्यंत जातो. आपल्या भागात मामा-भाचीची लग्ने होतात, त्यामुळे जनुकीय सल्ला तरी घ्यावाच.

खानापूरकर:
पिशवी असती तर मीही गर्भजल तपासणीचाच आग्रह धरला असता. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘आवरण नाही, नाळ छिद्राच्या डावीकडे शाबूत’ असे स्वच्छ लिहिलेले आहे.

चिकोडीकर:
मग वाद सुईचा उरत नाही, वेळेचा उरतो. साधारण १२ आठवड्यांपर्यंत आतडी नाळेत असणे स्वाभाविकच असते, तेव्हा फार लवकरच्या अहवालावरून कोणी रडारड करू नये. उलट, आमच्याकडे पुष्कळ जणी पहिली नीट सोनोग्राफी सातव्या महिन्यात करतात, तोवर २०२१ च्या सुधारित गर्भपात कायद्यातील २४ आठवड्यांची मर्यादा उलटून प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जाते. गर्भ ठेवायचा असेल तर बाळंतपण तालुक्याला नको. बालशल्यचिकित्सक असलेले बेळगाव किंवा हुबळीचे रुग्णालय आधीच ठरवावे, कारण उघडी आतडी जन्मताच निर्जंतुक प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाळाला ऊब द्यावी लागते.

निपाणीकर:
हे मान्य. जनुकीय सल्ल्याचा आग्रह मात्र मी सोडत नाही. त्याला सुई लागत नाही.