एका दिवसात धरण, पैठणी आणि वाइन जमेल का?

प्रश्न: सासूसासरे पुण्याहून नाशिकला येत आहेत. वाटाड्या घेऊन एका दिवसात गंगापूर धरण, येवल्याचे पैठणीचे माग आणि एखादी वायनरी पाहणे शक्य आहे का?

उत्तर १: शक्य आहे, पण ज्येष्ठांची दमछाक होईल, कारण येवला नाशिकच्या पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि धरण नेमके विरुद्ध दिशेला. तरीही येवला वगळू नये असे माझे मत आहे. विणकर रंगीत रेशमाच्या लहान कांड्या हातानेच फिरवत पदरावर एकेक मोर उभा करतो, आणि तो पदर उलटून पाहिला तर मागची बाजूही पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात.

उत्तर २: येवला दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे. जुन्या नाशकातील तांबट आळीत तांब्याच्या हंड्यावर हातोडीने ठोके देत केलेले मठारकाम पाहावे (कान किटतात, हे सांगून ठेवतो) आणि दुपारनंतर धरणाकडे निघावे.

उत्तर ३: द्राक्षतोडणी पाहायची असल्यास जानेवारी ते मार्च या काळात यावे. वाइनची चव घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि गाडी चालवणाऱ्याने पेल्याला हात लावू नये.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. तांबट आळी ठरली. सासूबाईंना तसाही बंब हवाच आहे.