कॉमिक्सकडे नवा वाचक कसा वळवावा? जाणकारांचा सल्ला हवा आहे

नमस्कार.

आम्ही काही लेखक-चित्रकार मिळून एक दीर्घ कथा कॉमिक्सच्या रूपात काढण्याच्या तयारीत आहोत. ज्यांनी आजवर कॉमिक्स कधी हातातच घेतलेले नाही, अशा वाचकांपर्यंत ती कशी पोहोचवावी, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे. जुने चाहते पुस्तक कुठूनही शोधून काढतात. चिंता त्यांची नाही.

बराच विचार केल्यावर माझे मत असे झाले आहे की, नव्या वाचकाला आवड नसते असे नाही, त्याला आत शिरायला वाट सापडत नाही. अमेरिकेतील सुपरहिरो कॉमिक्समध्ये हे फार ठळकपणे दिसते. चित्रपट पाहून कुतूहल जागे झालेला माणूस अंक घ्यायला जातो, तेव्हा एकाच पात्राच्या तीन-चार मालिका समोर असतात, हाती आलेला अंक कथेच्या मधलाच असतो आणि चौकटीच्या कोपऱ्यात ‘हा प्रसंग अमुक अंकात पाहावा’ अशी संपादकांची टीप असते. तिथे १९७० च्या दशकात खास कॉमिक्सच्या दुकानांना जास्त सवलत द्यायची, पण न खपलेले अंक परत घ्यायचे नाहीत, अशी विक्रीपद्धत रुजली. प्रकाशकांना तिचा मोठा आधार मिळाला, हे मान्यच करावे लागेल. मात्र दुकानदार ठरलेल्या गिऱ्हाइकांपुरतेच अंक मागवू लागले आणि वर्तमानपत्रांच्या विक्रेत्याकडे सहज नजरेस पडणारे कॉमिक्स हळूहळू तिथून दिसेनासे झाले. केवळ क्रमांक १ पासून पुन्हा सुरुवात केल्यानेही हा प्रश्न सुटत नसावा, कारण डीसी या अमेरिकन कॉमिक्स-प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये ५२ मालिका तशा सुरू केल्या, सुरुवातीला खपही वाढला, तरी २०१६ मध्ये त्यांना पुन्हा नवी मांडणी करावी लागली.

याउलट मांगा म्हणजे जपानी कॉमिक्सच्या खंडाच्या कण्यावर ठळक क्रमांक असतो, त्यामुळे कुठून सुरुवात करावी हे कोणाला विचारावे लागत नाही. शुएशा या प्रकाशनसंस्थेने २०१९ मध्ये ‘मांगा प्लस’ ही ऑनलाइन वाचनसेवा सुरू करताना बहुतेक मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणे विनामूल्य ठेवली, ही कल्पना मला अतिशय समंजस वाटते. अमेरिकन कॉमिक्सकार रैना टेल्गेमायर यांचे २०१० मधील ‘स्माइल’ हे एका मुलीच्या दातांच्या दुखण्याचे आत्मकथन एकाच पुस्तकात पूर्ण होते, आणि सुपरहिरोंशी काहीही देणेघेणे नसलेल्या असंख्य मुलामुलींनी ते वाचले.

आणखी एक अडचण प्रत्यक्ष पानावरची आहे. कादंबऱ्या भरपूर वाचणाऱ्या एका परिचितांना आमची नमुन्याची पाने दाखवली. डावीकडे एक उभी चौकट आणि उजवीकडे एकाखाली एक दोन चौकटी, अशा पानावर ते वरच्या दोन चौकटी वाचून थांबले, कारण पुढे कुठे जायचे ते त्यांना कळेना. शिवाय त्यांनी फक्त फुग्यांतले संवाद वाचले. पात्राने पत्र पाठीमागे लपवल्याचे चित्र त्यांच्या नजरेतून सुटले आणि पुढचा प्रसंग त्यांना विसंगत वाटला. सराईत वाचकाला ही अडचण जाणवतही नाही. मोबाइलवर एकाखाली एक चौकटी सरकवत वाचायच्या कोरियन वेबटूनमध्ये निदान क्रमाचा गोंधळ होत नाही, परंतु त्यासाठी दोन समोरासमोरच्या पानांवर पसरलेल्या मोठ्या चित्राची गंमत सोडून द्यावी लागते.

आमचा निर्णय अडला आहे तो इथेच. दरमहा छोटा अंक काढला तर चित्रकाराला मानधन नियमित देता येते, पण तिसरा अंक हाती पडलेला वाचक बाहेरच राहतो. संपूर्ण खंड एकदम काढला तर वाचकाची सोय होते, मात्र तोवरचा खर्च आम्हालाच पेलावा लागतो. पहिले प्रकरण विनामूल्य देऊन पुढे खंडच विकावा काय? पहिल्या काही पानांवर चौकटींची रचना मुद्दाम साधी ठेवली तर ती सराईत वाचकाला कंटाळवाणी वाटेल काय? ग्रंथालयात किंवा शाळेत कॉमिक्स ठेवण्याचा अनुभव असलेल्यांनी, मुले आणि मोठी माणसे कोणत्या पानाशी येऊन पुस्तक खाली ठेवतात, हे कृपया सविस्तर लिहावे.