काट्यावरचा एक्सपी बदलावाच लागतो का?

काटावाला_उदगीर
राम राम मंडळी. आमची आडत हाय अन् सोबत वजनकाटा. काट्याच्या केबिनमधी जो कॉम्प्युटर हाय त्याच्यात विंडोजचं जुनं एक्सपी व्हर्जन, काटा बसवला तव्हा कंपनीच्या माणसानं टाकून दिलेला, वजनाचा आकडा दाखवणाऱ्या इंडिकेटरची केबल मागं कॉम पोर्टला (जुन्या पद्धतीचं सिरियल सॉकेट) अन् पावती डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर. एक दिवस दगा दिला नाही. पट्टी, जीएसटी बिलं, नेटबँकिंग हे शेजारच्या दुसऱ्यावर, त्याच्यात विंडोज ७. दोन्ही एकाच वायफायच्या डब्याला, म्हणजे राउटरला जोडलेत. भाचा पुण्याहून आला, बघितलं अन् डोक्याला हात लावला, म्हणला मामा हे आजच बंद करा. काट्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला तर नवीन व्हर्जन घ्या म्हणायलाय, अन् नव्या कॉम्प्युटरला कॉम पोर्टच येत नाही म्हणं. सोयाबीनचा सीझन, ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत, आत्ता हात लावायची हिंमत नाही. खरं सांगा, माझ्याकडं चोरायसारखं हाय तरी काय? ट्रॅक्टरचे नंबर अन् वजनं?

रिपेरिंगवाला_नांदेड
मालक, तुमचं वजन कुणाला नको, पण कुणी उदगीर बघून येत नसतंय. हे प्रोग्राम आपोआप फिरत राहतात, जिथं दार उघडं दिसलं तिथं घुसतात. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस आला होता तो असाच, विंडोजच्या फाईल शेअरिंगमधल्या एका भोकातून एका मशीनवरून दुसऱ्यावर आपला आपणच जायचा, कुणी काही क्लिक करायची पण गरज नव्हती. त्या भोकाचा पॅच, म्हणजे ते बुजवणारी दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टनं मार्चमधीच काढला होता, ज्यांनी टाकला नाही ते सापडले, इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांचं काम बंद पडलं. एक्सपीचा सपोर्ट तर एप्रिल २०१४ लाच संपलेला, तरी तेव्हा त्याच्यासाठी पण तातडीनं पॅच द्यावा लागला. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस. तो युक्रेनमधल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला अन् आपल्या मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. जेएनपीटीचं अन् युक्रेनच्या अकाउंटंटचं काय भांडण होतं सांगा!

आता जुन्याचं खरं दुखणं काय ते. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी नव्या विंडोजचे पॅच येतात. त्याच्यातून जुन्यातली खोटबी उघडी पडते. समजा, गल्लीत सगळ्यांनी एकाच कारागिराचं कुलूप घेतलंय, अन् त्यानं बोंब मारून सांगितलं की या कुलपात खोट आहे, ज्यांची वॉरंटी आहे त्यांनी बदलून न्या. तुमचं कुलूप तेच, वॉरंटी संपलेली, अन् खोट आता चोराला पण कळली. विंडोज ७ चं तसं जानेवारी २०२० पासून चालूय. अँटिव्हायरस टाकला म्हणजे कुलूप बदललं असं होत नाही.

झेरॉक्स_परभणी
काटावाले भाऊ, "माझ्याकडं काय हाय" असं मीबी म्हणत होतो. दोन वर्षाखालची गोष्ट, दुकानात विंडोज ७, अन् घरून बघता यावं म्हणून मी शहाण्यानं रिमोट डेस्कटॉप (लांबून कॉम्प्युटर चालवायची सोय) राउटरमधून बाहेर उघडा करून ठेवलेला, पासवर्ड दुकानाचं नाव अन् एक दोन तीन. सकाळी शटर उघडलं तर सगळ्या फाईलींच्या शेपटीला भलतंच काहीतरी चिकटलेलं, अन् डेस्कटॉपवर चिठ्ठी, बिटकॉइन द्या. लोकांचे स्कॅन केलेले दाखले, फोटो, लग्नपत्रिकांच्या डिझाईनी, सगळं गेलं. बॅकअप होता की! पण ती हार्डडिस्क मी कायम लावूनच ठेवायचो, तीबी त्याच्यासोबतच लॉक झाली. पैसे दिले नाहीत, दोन महिने लोकांच्या शिव्या खाल्ल्या. फायली चोरायच्या नसतात त्यांना, तुम्हाला त्या लागतात एवढंच पुरतं.

निवांत_जालना
उगं कशाला भिववायलेत त्याला. राउटरच्या मागं मशीन असलं की बाहेरून कुणी थेट आत येत नाही. चालतंय तर चालू द्या.

रिपेरिंगवाला_नांदेड
राउटरमधून काही बाहेर उघडं ठेवलं नसंल तर बाहेरून थेट नाही, ते बरोबर. पण आत आलेल्याला कोण अडवणार? विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढं येतच नाही, म्हणजे जानेवारी २०२३ चा ब्राउझर. त्याच्यावर एखादी वंगाळ लिंक उघडली की ते मशीन गेलं, अन् त्याच वायफायवर एक्सपी बसलेलाच आहे. म्हणून मालक, माझं उलटं म्हणणं आहे. भाचा एक्सपीला भ्यायलाय, मला तुमच्या नेटबँकिंगच्या कॉम्प्युटरची जास्त काळजी वाटायलीय. एक्सपीची नेटची वायर आज काढा, वायफायचा डोंगल असंल तर तोबी. वजन करायला नेट लागत नाही. पण बँकेचं काम विंडोज ७ वर आता एक दिवसबी करू नका, तोवर बँकेत जा नाहीतर अपडेट येणाऱ्या मोबाईलवर करा.

काटावाला_उदगीर
वायर काढली. पण संध्याकाळचा वजनाचा रिपोर्ट मी पेनड्राइव्हनं बिलाच्या कॉम्प्युटरवर आणतो, त्याचं काय? अन् ७ वरच १० मारून घेऊ का, इथला पोरगा पाचशेत करून देतो म्हणायलाय.

रिपेरिंगवाला_नांदेड
१० चा सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्ट खातं जोडून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत फुकट सुरक्षा अपडेट मिळतात, पण ते अस्सल विंडोजला, पाचशेतल्याला नाही. पाचशेतलं म्हणजे चोरीचं, अन् ते चालू करायच्या क्रॅक प्रोग्रामातच कधीकधी घाण असते. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते अन् इंटेल असंल तर साधारण आठव्या पिढीच्या पुढचा प्रोसेसर, तुमच्या डब्यात नसणार. तव्हा बिलाचं मशीन नवं घ्या, काट्याचं राहू द्या.

पेनड्राइव्ह एकच ठेवा, फक्त ह्याच कामाचा, भाच्याच्या पिक्चरसाठी देऊ नका. २००८ चा कॉन्फिकर व्हायरस पेनड्राइव्हवरूनबी एक्सपीत शिरायचा, म्हणून ऑटोरन (पेनड्राइव्ह लावला की त्यातलं आपोआप चालू होणं) बंद करा. त्याच्यापेक्षा सोपं म्हणजे रिपोर्ट डॉट मॅट्रिक्सवरच काढा अन् इकडं हातानं टाका.

एटीएम_बीड
बँकांनीबी लई वर्षं एक्सपीवर एटीएम चालवले. आरबीआयनं २०१८ ला तंबी दिली, जून २०१९ पर्यंत सगळे बदला म्हणून. तुम्ही एकटे नाहीत, काटावाले.

झेरॉक्स_परभणी
अन् कॉम पोर्टचं टेन्शन घेऊ नका, यूएसबी टू सिरियल केबल मिळती नाहीतर आत लावायचं कार्ड मिळतं. स्वस्तातली केबल काही इंडिकेटरवर आकडे वेडेवाकडे दाखवती, म्हणून सीझन संपल्यावर रिकाम्या काट्यावर बघा. त्याच्या आधी त्या एक्सपीच्या हार्डडिस्कची पुरी कॉपी काढून कपाटात ठेवा, लावून नाही, कपाटात. हार्डडिस्कचं वय झालंय, व्हायरस यायच्या आधी तीच मरंल.

काटावाला_उदगीर
कॉपी काढायला कॉम्प्युटर किती वेळ बंद राहील? पावणेआठला पहिला ट्रॅक्टर येतो.

रिपेरिंगवाला_नांदेड
रातच्याला लावा. दोनएक तास धरा.